‘विशाखें’तील प्रकाश

कवितेंत दिवा आला कीं त्याचा अर्थ ज्ञान, सूर्य आला कीं अर्थ परमेश्वर आणि पहाट झाली कीं अर्थ आशा, असा एक ठराविक हिशेब मराठी शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परीक्षेंत त्याला गुणही मिळतात. त्यामुळें तो सहसा कोणी तपासून पहात नाहीं. या हिशेबाला आधार नाहीं असें मात्र नव्हे. उपनिषदांतील ऋषि अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना करतो. आषाढांत दिव्यांच्या अंवसेला घरोघर समया-निरांजनें घासूनपुसून पाटावर मांडलीं जातात. तिन्हीसांजा दिवा लागतांच हात जोडणारें मूल हा अर्थ अक्षरओळखीच्या आधींच शिकलेलें असतें. परंतु हें जुनें नाणें आधुनिक कवीच्या हातीं आलें म्हणजे तो तें तसेंच पुढें चालवीत नाहीं. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ या संग्रहांत तर प्रकाशाचे व्यवहार इतके निरनिराळे आणि वरवर पहातां एकमेकांशीं न जुळणारे आहेत कीं, ठराविक हिशेब घेऊन बसलेला वाचक गोंधळून जावा. त्याला एके ठिकाणीं प्रकाश हवाहवासा वाटतो, दुसरीकडे तो सुखाचा घात करणारा ठरतो, आणि तिसरीकडे त्याच्याच झगमगाटांत एक माणूस उपाशी उभा असतो. यांपैकीं कोणता प्रकाश कवीचा खरा, हा प्रश्न त्यामुळें उभा रहातो.

विष्णु वामन शिरवाडकर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ रोजीं पुण्यास झाला. त्यांचें बहुतेक आयुष्य नाशकांत गेलें आणि तेथेंच १० मार्च १९९९ रोजीं त्यांचें निधन झालें. धाकट्या बहिणीचें नांव कुसुम. तिचा वडील भाऊ म्हणून त्यांनीं कुसुमाग्रज हें टोपणनांव घेतलें. ‘जीवनलहरी’ हा त्यांचा पहिला लहानसा संग्रह १९३३ सालीं निघाला; पण त्यांना महाराष्ट्रभर नेलें तें १९४२ सालच्या ‘विशाखें’नें. वि. स. खांडेकरांसारख्या वडीलधाऱ्या साहित्यिकानें या तरुण कवीच्या संग्रहासाठीं पुढाकार घ्यावा आणि त्याला प्रस्तावना लिहावी, ही त्या काळच्या वाङ्मयीन सौजन्याची एक सुंदर खूण आहे. १९८७ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक पुढें त्यांना मिळालें, आणि त्यांचा जन्मदिवस आज मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. हें सारें सर्वश्रुत आहे.

नांवासंबंधीं एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विशाखा हें सत्तावीस नक्षत्रांतील सोळावें नक्षत्र. ज्या महिन्याच्या पौर्णिमेस चंद्र त्याच्या आसपास असतो तो वैशाख. म्हणजे रात्रीच्या आकाशांतील शांत तारकांचें जें नांव, त्याच नांवाशीं उन्हाळ्यांतील सर्वांत दाहक महिन्याचें नातें जडलेलें आहे. कवीच्या मनांत हा संबंध होताच असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण या संग्रहांतील प्रकाश शीतल कीं दाहक, असें कोणीं विचारल्यास त्याचें उत्तर मुखपृष्ठावरील एका शब्दांतच पडलेलें आहे, एवढें खरें.

दाहाचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्ञानदेवांनीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी पुरी करतांना जें पसायदान मागितलें, त्यांत सज्जनांना त्यांनीं सूर्याची उपमा दिली. पण त्या सूर्याला ताप नाहीं. चंद्राची दिली, पण त्याच्यावर डाग नाहीं. प्रकाश हवा, परंतु त्यानें कोणी होरपळूं नये, ही त्या करुणावंत मनाची अट होती. आधुनिक कवितेंत बालकवींपर्यंत ही अट बऱ्याच अंशीं पाळली गेली आहे. बालकवींचा प्रभातकाळ कोवळा, त्यांचें चांदणें मऊ, त्यांच्या किरणांचें फुलांशीं लग्न लागतें. १९१८ सालीं वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं तो कवि गेला. त्याच्यानंतरच्या पिढीला प्रकाश तसा कोवळा राहिला नाहीं. कुसुमाग्रजांनीं ती जुनी अटच काढून टाकली. त्यांच्या काव्यांतील सूर्याला ताप आहे, आणि त्या तापासाठींच त्याची ओढ आहे.

‘पृथ्वीचें प्रेमगीत’ ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कविता याचें पहिलें उदाहरण होय. ती समारंभांतून इतक्या वेळां म्हटली जाते कीं तिच्यांतील योजना कानाआड होण्याचा संभव आहे. पृथ्वी ही बोलणारी. सूर्य हा ऐकणारा, किंवा न ऐकणारा. युगानुयुगें ती त्याच्याभोंवतीं फिरत आहे आणि तो जवळ येऊं देत नाहीं, ही तिची तक्रार. चंद्र, शुक्र, मंगळ, ध्रुव, धूमकेतु असे अनेकजण तिची मनधरणी करीत आहेत. तिला त्यांच्यापैकीं एकही नको. शेवटीं ती म्हणते तें असें कीं, त्या दुबळ्यांच्या शृंगारापेक्षां सूर्याचें दूर असणेंच सोसवेल. कवितेची चालही अर्थाला शोभणारी आहे. पहिली ओळ मनाच्या श्लोकांच्या, म्हणजे भुजंगप्रयाताच्या बारा अक्षरांची; दुसरी त्याच लयीची, पण एका अक्षरानें तोकडी. लघु-गुरु-गुरु असे तेच तें पाऊल सारखें पडत रहातें आणि दर दुसऱ्या ओळीच्या टोंकाला जरा आंखडतें, जणूं पोंचतां पोंचतां कांहीं तरी राहून जातें. कविता मोठ्यानें वाचणाऱ्याला हें कोणी सांगावें लागत नाहीं.

आतां या प्रेमिकांच्या मेळाव्याकडे जरा बारकाईनें पहावें. चंद्र तप आचरतो, पण त्याच्याजवळ जें तेज आहे तें सूर्यानें अंतराळांत सांडलेले कण वेंचून जमविलेलें आहे, असें कवितेंतली पृथ्वी स्पष्टच सांगते. हें काव्य आहे तसें शास्त्रही आहे. चंद्राला स्वतःचा उजेड नाहीं. तोच न्याय इतरांना लावून पहातां येतो. प्रभेचा पिसारा उभारून पहाटे दारीं येणारा शुक्र हाही परप्रकाशित. शिवाय तो सूर्यापासून सत्तेचाळीस अंशांपलीकडे कधीं दिसतच नाहीं. म्हणजे ज्याच्या दारांतून हलतां येत नाहीं त्याच्याच प्रियेला तो आर्जवें करतो. मंगळाची लाली कवितेंत लाजेची आहे; वस्तुतः ती तेथल्या मातींतील लोखंडाच्या गंजाची आहे, आणि ती दिसते ती सूर्याच्याच उजेडांत. केस पिंजारून येणारा धूमकेतु तर सर्वांत पराधीन. सूर्याजवळ आल्याशिवाय त्याचे केस फुलत नाहींत, आणि ते नेहमीं सूर्याच्या विरुद्ध दिशेस उडतात, वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उपरण्यासारखे. पृथ्वी यांना नाकारते ती केवळ निष्ठेनें नव्हे. जें तेज हे तिला देऊं करतात तें मूळचें कोणाचें हें तिला ठाऊक आहे. मूळ धनी समोर असतांना त्याच्या उसनवारांशीं व्यवहार कां करावा, असा हा रोखठोक विचार आहे.

एकटा ध्रुव या हिशेबांत बसत नाहीं. तो स्वयंप्रकाशी तारा. सूर्याहून हजारपटींपेक्षां अधिक तेजस्वी, पण ४०० हून अधिक प्रकाशवर्षें दूर. पुराणांतला ध्रुव बापाच्या मांडीवरून उठविला गेला म्हणून वनांत गेला. कुसुमाग्रजांनीं त्याच्या वैराग्याचें कारणच बदललें आणि त्याला प्रेमभंगानें संन्यासी केलें, सप्तर्षींच्या शेजाराचाही छान उपयोग करून घेतला. त्याला नाकारतांना मात्र पृथ्वीचा न्याय खगोलशास्त्राचा नाहीं. तिला मोठें तेज नको आहे, तिला जाळूं शकेल असें तेज हवें आहे. या कवितेंत प्रकाशाचें माप हें आहे. सूर्याच्या रुद्र रूपांत मिसळून जावें, त्याची आग प्यावी, अशी तिची इच्छा आहे. त्यांत आपलें काय होईल याचा तिला विसर पडलेला नाहीं. हा सूर्य कोणी ईश्वर मानावा, कोणी ध्येय मानावें, कोणी केवळ प्रियकर मानावा. कवितेला तिन्ही अर्थ सोसतात. पण प्रकाश म्हणजे ज्ञान हा अर्थ येथें कोठेंच बसत नाहीं. पृथ्वीला कांहीं जाणून घ्यावयाचें नाहीं.

आणखी एक बारकावा. ही पृथ्वी स्वतः अंधारी नव्हती. तारुण्यांतल्या मशाली विझल्या, उरांत काजळलेले कोपरे तेवढे राहिले, असें ती सांगते. सुमारें ४५० कोटि वर्षांपूर्वीं पृथ्वी वितळलेल्या स्थितींत होती, आणि आजही तिच्या गाभ्यांतील उष्णता ५,००० अंशांच्या वर आहे. कुसुमाग्रजांच्या विद्यार्थिदशेंत ग्रह हे सूर्याच्या अंगांतूनच उपटून निघाले असें शिकविलें जाई. तो तर्क आतां मागें पडला असून सूर्य व पृथ्वी एकाच मेघांतून घडलीं असें मानतात. कोणत्याही मतानें तिचा दावा नात्याचाच ठरतो. जमीन आपल्या पूर्वींच्या अग्नीची आठवण ठेवून आकाशांतल्या अग्नीकडे पहात आहे. तरीही अंतर कायम आहे. जानेवारीच्या आरंभीं ती सूर्यापासून सुमारें १४.७ कोटि किलोमीटरांवर येते, जुलैच्या आरंभीं १५.२ कोटि किलोमीटरांवर जाते. दर सेकंदाला तीस किलोमीटर धांवूनही वर्षाकांठीं पदरांत पडतें तें एवढेंच. सूर्याचा उजेड आठ मिनिटें वीस सेकंदांत तिच्यापर्यंत पोंचतो. तो स्वतः पोंचत नाहीं. कवितेंत धुळीचा कण म्हणून ती आपलें भूषण मिरवते तें या अंतराच्या पूर्ण जाणिवेनें.

येथपर्यंत वाचून ‘स्वप्नाची समाप्ति’ ही कविता उघडली कीं वाचक चमकतो. येथें प्रकाशाची ओढ नाहीं. त्याची भीति आहे. रात्र संपत आली आहे, दोन प्रेमी जीव जवळ आहेत आणि पहाट होत आहे. शुक्रतारा तेल सरलेल्या ज्योतीसारखा मंद झाला आहे. तेलाला येथें कवीनें योजलेला शब्द स्नेह हा आहे, आणि मराठींत त्याचे दोन्ही अर्थ जिवंत असल्यामुळें दिव्यांतलें तेल आणि मनांतली माया एकाच वेळीं ओसरतांना दिसतात. ज्या शुक्रानें आधींच्या कवितेंत पृथ्वीच्या दारीं पिसारा उभारला होता, तोच येथें विझत्या समईसारखा झाला आहे. एकाच कवीनें एकाच ताऱ्याचीं हीं दोन रूपें दिलीं आहेत. प्रेयसीचे हात चांदण्याचे आहेत आणि ते आतां गळ्यांतून काढावे लागणार, कारण क्षितिजापलीकडे दिवसाचे दूत येऊन उभे राहिले आहेत. दूत हा शब्द साधा नाहीं. दूत निरोप आणतो, तो निरोप त्याचा स्वतःचा नसतो आणि तो परतवून लावतां येत नाहीं. बालकवींच्या घरीं पहाट पाहुणी म्हणून येई. कुसुमाग्रजांच्या घरीं ती हुकूम घेऊन येते.

तर मग प्रकाश चांगला कीं वाईट? प्रश्न असा मांडला कीं फसतो. चांदणें हाही प्रकाशच आहे, आणि दिवस हाही. एका प्रकाशानें दुसऱ्याला पुसून टाकावें लागतें, आणि पुसला जाणारा कमी सुंदर नसतो, हें या कवितेचें दुःख आहे. ज्यांनीं १९३० ते १९४२ हीं वर्षें तरुणपणीं पाहिलीं, त्यांना हें दुःख निराळें समजावून द्यावें लागलें नसेल. घर, प्रीति, सुखाची नोकरी हें सर्व खरें असतांनाही बाहेरून कोणाची तरी हांक येत होती. नाशकांतच १९३० सालीं काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठीं सत्याग्रह सुरू झाला आणि तरुण शिरवाडकर त्यांत सामील झाले होते. देवापुढें नंदादीप तेवत असतांना देवळाच्या दाराबाहेर माणसें उभीं ठेवलेलीं त्यांनीं पाहिलीं. त्या प्रसंगाचा आणि पुढच्या कवितांचा धागा सरळ जोडणें धाडसाचें होईल. पण उजेडाच्या जागीं कोण आहे आणि बाहेर कोण आहे, हें पहाण्याची त्यांची संवय मुळांत कवितेबाहेरची असावी असें वाटतें.

‘क्रांतीचा जयजयकार’ या कवितेंत ज्योत, समई, चांदणें यांपैकीं कांहीं नाहीं. तेथें सरण पेटतें. फांसावर जाणारे आईला सांगतात कीं रात्रीच्या पोटांत उद्यांची पहाट आहे, आणि आपल्या चितेच्या ज्वाळांतून पुढचे नेते उठतील. पहाट म्हणजे आशा हा शाळेंतला अर्थ येथें शब्दशः लागू पडतो, हें कबूल केलें पाहिजे. परंतु ती पहाट पहाणारे हे बोलणारे नव्हेत. उजेड होण्यासाठीं जें जळावयाचें तें त्यांचें स्वतःचें शरीर आहे. याच्या उलट ‘कोलंबसाचें गर्वगीत’: तेथें तारे डळमळोत, सूर्य पाताळांत दडो, असें आव्हानच दिलेलें आहे. प्रकाश अजिबात नसला तरी गलबत पुढें जाणार. ही कविता भाषणांतून फार वापरली जाते आणि तिचा आवेशच तेवढा लक्षांत रहातो. पण प्रकाशाच्या दृष्टीनें तिचें म्हणणें ‘पृथ्वीच्या प्रेमगीता’च्या नेमकें विरुद्ध आहे, हें फारसें कोणी बोलत नाहीं. पृथ्वीला सूर्यावांचून सारें विश्व अंधारलेलें वाटतें, कोलंबसाला सूर्याचें अडत नाहीं. कवीनें दोन्ही एकाच पुस्तकांत ठेवलीं आणि समन्वय करण्याची घाई केली नाहीं.

समुद्रच पुन्हा ‘दूर मनोऱ्यांत’ या कवितेंत येतो. अंवसेची रात्र, खवळलेलें पाणी आणि दूरवर एकटा जळत असलेला दीप. दीपस्तंभ हा नीतिपाठांत फार झिजलेला शब्द आहे. थोर पुरुषांच्या जयंतीला तो हटकून निघतो. म्हणून त्याचें खरें काम काय हें क्षणभर आठवावें. मुंबईच्या दक्षिणेस खांदेरी बेटावर १८६७ सालीं दीपस्तंभ उभा राहिला तो गलबतांना बोलावण्यासाठीं नव्हे. येथें खडक आहेत, दूर रहा, हें सांगण्यासाठीं. त्याच्या पायथ्याशीं उजेड पडत नाहीं, दिव्याखालीं अंधार ही म्हण त्याला पुरेपूर लागू आहे. ज्यांच्यासाठीं तो जळतो तीं माणसें त्याच्याजवळ कधीं येत नाहींत, आणि आलीं तर तो त्यांचा नाश ठरेल. पृथ्वी आणि सूर्य यांच्यांतलें अंतर येथें उलट बाजूनें दिसतें. तेथें दूर राहिलेल्याचा शोक होता. येथें दूर ठेवणाराच जळत आहे. सूर्याच्या बाजूनें एखादें गीत कुसुमाग्रजांनीं लिहिलें असतें तर तें कदाचित्‌ असें झालें असतें.

‘सहानुभूति’ ही कविता या सर्वांत लहान वाटते आणि शालेय पुस्तकांतील संवयीमुळें ती मुलांची कविता समजून बाजूला टाकली जाते. तसें करणें बरोबर नाहीं. शहरांतील रस्ता, दोहों बाजूंस गगनाला भिडलेले वाडे, दाट गर्दी, आणि वर दिव्यांची अशी शोभा कीं श्रीमंतीची दिवाळी रोजच चालली आहे. कोपऱ्यावर एक अपंग माणूस अभंग गुणगुणत उभा आहे. चार दिवसांचा उपाशी. अंधार म्हणजे न दिसणें, हा नेहमींचा अर्थ येथें लागत नाहीं. तो माणूस लख्ख उजेडांत आहे, आणि तरी कोणी त्याला पहात नाहीं. हात पुढें केला तर लोक हंसून पुढें जातात.

याच ठिकाणीं कवीनें एक कल्पना केली आहे आणि ती संपूर्ण संग्रहांत बहुधा सर्वांत कठोर आहे. दिव्यांनीं भोंवतालचा अंधार नाहींसा केला खरा, पण तो अंधार गेला कोठें? तो जणूं त्या माणसाच्या हृदयांत आश्रयाला गेला. अंधार नष्ट होतो असें आपले सगळे दीपश्लोक गृहीत धरतात. दिवा लावला, अंधार गेला, हिशेब संपला. कुसुमाग्रज तो हिशेब पुरा होऊं देत नाहींत. त्यांच्या मतें अंधार संपलेला नाहीं, तो एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणीं, म्हणजे जो प्रतिकार करूं शकत नाहीं त्याच्या पोटांत, ढकलला गेला आहे. एवढा झगमगाट करावयाचा तर काळोख कोणाच्या तरी वाट्याला घालावाच लागतो. विजेचे दिवे आतां खेड्यापाड्यांत पोंचले, शहरांतील रात्र दिवसासारखी झाली, आणि ही कल्पना जुनी झाली नाहीं.

कामावरून परतणारा एक मजूर तेवढ्यांत येतो. त्याला तो माणूस दिसतो. एक दिवस आपण उपाशी राहूं, पण याला दोन घांस मिळूं देत, असें म्हणून तो आपला खिसा त्याच्या ओंजळींत रिकामा करतो आणि वाटेला लागतो. कवितेंत पुढें त्या अपंगाच्या चेहऱ्यावर आनंद उजळला वगैरे कांहीं नाहीं. त्याच्या हृदयांत शिरलेला काळोख कमी झाला कीं नाहीं, हेंही कवि सांगत नाहीं. रस्त्यावरून धनिकांच्या गाड्या आपल्याच मदांत चाललेल्या असतात, आणि दिवे होते तसेच जळत असतात.